छोट्या डब्यातला संगणक : अभ्यासिकेसाठी सुटे भाग कसे निवडायचे, कसे बसवायचे

कवठे महांकाळच्या आमच्या मोहल्ल्यातली अभ्यासिका म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. सकाळी मुली बसतात, असरनंतर मुलं. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचा फॉर्म, ई-बालभारतीवरची उर्दू माध्यमाची पुस्तकं, कुणाच्या वडिलांचा सातबारा, सगळं एकाच संगणकावर चालतं. तो जुना संगणक मोठ्या टॉवरचा, फरशीवर ठेवलेला. आपल्याकडचा उन्हाळा आणि आपल्याकडची धूळ, दोन्ही त्यानं बरीच वर्षं सोसली. गेल्या मे महिन्यात मात्र तो दुपारी आपोआप बंद पडायला लागला. एका फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तीनदा बंद पडला आणि आमच्या एका विद्यार्थिनीला वडिलांच्या मोटारसायकलवर बसून मिरज गाठावी लागली. फॉर्म भरला गेला, पण संध्याकाळी साडेसातला. तिच्या अम्मीचा दिवसभरातला चौथा फोन आला तेव्हा आम्हाला काय उत्तर द्यावं सुचत नव्हतं.

नवा संगणक घ्यायचं ठरलं. चंदा जमला. भाजीची गाडी लावणाऱ्या एका चाचांनी दहा-वीसच्या नोटा आणून दिल्या, मोजून. असा पैसा हातात आला की माणूस दोनदा विचार करतो. ही अमानत आहे, हिशेब द्यायचा आहे. त्यामुळे आम्ही काय घेतलं, का घेतलं आणि कुठं चुकलो ते इथं लिहितो आहोत. ज्यांना आपल्या अभ्यासिकेसाठी, मदरशासाठी किंवा घरच्या एका कोपऱ्यासाठी लहान डेस्कटॉप जोडायचा आहे त्यांचे पैसे तरी वाचतील.

लहानच का हवा होता? खोलीत भिंतीला एक लोखंडी फळी आहे, एक फूट खोल. साधा टॉवर पुढून मागे चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर असतो, तो त्या फळीवर राहतच नाही. फरशीवर ठेवला तर झाडू मारताना उडालेली सगळी धूळ पहिल्यांदा त्याच्या पोटात जाते. शिवाय रात्री कपाटात कुलूप लावून ठेवता येईल असा डबा हवा होता.

तयार मिनी पीसी किंवा मोठ्या ऑफिसांतून निघालेले जुने छोटे संगणक का नाही घेतले, असं बऱ्याच जणांनी विचारलं. वापरलेला संगणक घेणं वाईट नाही, पण एक बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. बाजारात स्वस्त मिळणारे छोटे डबे बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीचे. त्यांच्यावर लिनक्स टाकून काम चालतं, आणि ज्यांचं बजेट तेवढंच आहे त्यांनी खुशाल तसं करावं. मात्र अशा डब्यांचे बोर्ड आणि पॉवर सप्लाय पुष्कळदा त्या त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. जळाले तर बाहेरचा बसत नाही. आमचं दुसरं कारण शिक्षकाचं होतं. नववी-दहावीच्या मुलींनी संगणक आतून बघावा, स्वतः जोडावा, असं आम्हाला वाटत होतं.

आधी डबा, मग बाकीचं

मोठ्या टॉवरमध्ये तुम्ही आधी प्रोसेसर निवडता, मग बोर्ड, आणि शेवटी जो आवडेल तो कॅबिनेट. लहान संगणकात हे उलटं होतं. आधी डबा ठरतो आणि आत काय जाणार ते डबा सांगतो.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीतून गेलेल्यांना हे लगेच कळेल. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथं सतार-तंबोऱ्याचं काम उभं केलं आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो. तो जसा असेल तसा बाकीचा घाट बेतावा लागतो. भोपळा काही दांडीसाठी मोठा होत नाही!

डब्याचं माप लिटरमध्ये सांगतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि हजारानं भागायचं. पंचेचाळीस बाय एकवीस बाय पंचेचाळीसचा टॉवर साडेबेचाळीस लिटरचा होतो. आम्ही घेतलेला डबा २४ सेंमी उंच, २२ सेंमी खोल आणि साडेआठ सेंमी रुंद आहे, म्हणजे साडेचार लिटर. घरातल्या पाच लिटरच्या तेलाच्या कॅनपेक्षाही कमी.

आता बोर्ड. मदरबोर्डची तीन मापं लक्षात ठेवली तरी पुरे. पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. हे शेवटचं माप तैवानच्या व्हीआयए कंपनीनं २००१ मध्ये आणलं आणि आज सगळ्याच कंपन्या त्या मापाचे बोर्ड बनवतात. मिनी-आयटीएक्सवर मेमरीच्या दोन खाचा आणि कार्डासाठी एकच स्लॉट मिळतो.

इथं आमचं स्पष्ट मत सांगतो. तुमच्याकडे जागेची अगदीच अडचण नसेल तर मिनी-आयटीएक्सच्या मागे लागू नका. त्याच दर्जाचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड स्वस्त पडतो आणि सांगली-मिरजेच्या दुकानात सहसा तयार असतो. मिनी-आयटीएक्स बहुधा मागवावा लागतो आणि बिघडला की पुन्हा वाट बघावी लागते. मायक्रो-एटीएक्ससाठीही पंधरा-वीस लिटरचे आटोपशीर डबे मिळतात. आम्हाला फळीनं अडवलं म्हणून आम्ही छोट्याकडे गेलो.

फळी मोजताना आणखी एक गोष्ट विसरायची नाही. डब्याच्या मागे एचडीएमआयची आणि विजेची वायर निघते. ती ताठ असते, लगेच वळत नाही. पाच-सहा सेंटीमीटर तिच्यासाठी धरा. एक फुटाच्या फळीवर एक फुटाचा डबा बसत नाही.

अकरा मिलिमीटर

प्रोसेसर आम्ही एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. २०२१ चा आहे, म्हणजे नवा नाही, पण सहा कोर आहेत आणि चित्र दाखवणारा भाग त्याच्या आतच आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे लहान डब्यात फार मोठं सुख. कार्ड नाही म्हणजे त्याची उष्णता नाही, त्याची जागा नाही, त्याच्यासाठी मोठा पॉवर सप्लाय नाही. फॉर्म भरणं, ऑनलाइन तास, उर्दू-मराठी टंकलेखन, थोडंफार व्हिडिओचं काम, एवढ्याला हा भरपूर आहे. इंटेलचा घेतलात तरी चालेल, फक्त ज्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे तो घेऊ नका. त्यात चित्राचा भाग नसतो आणि मग पडदा काळाच राहतो.

प्रोसेसरच्या खोक्यात कूलर फुकट येतो. आम्ही म्हटलं, बरकत झाली. बोर्ड आला, डबा आला, रविवारी मुली जमल्या. सगळं बसवलं. शेवटी बाजूचा पत्रा लावायला घेतला तर एक मुलगी म्हणाली, “सर, पत्रा बसंना की.”

आम्ही दाबून बघितला, उलटा करून बघितला. मग पट्टी घेतली. खोक्यातल्या त्या कूलरची उंची ५४ मिमी. डब्याच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, कूलरसाठी जास्तीत जास्त ४३ मिमी. अकरा मिलिमीटरचा फरक. वर्गात रोज ‘आधी मोजा, मग कापा’ म्हणणारे आम्ही, आणि ते वाक्य त्या मुलींनीच आम्हाला ऐकवलं. एकानं सुचवलं, पत्र्याला गोल भोक पाडून घेऊ, गावात वेल्डिंगवाला आहे. पंख्याचं पातं उघडं ठेवून मुलांच्या हातापाशी संगणक ठेवायचा? नाही जमणार.

म्हणून सांगतो, डबा घेताना चार आकडे कागदावर लिहून घ्या. कूलरची कमाल उंची, बोर्डचं माप, पॉवर सप्लायचा प्रकार, आणि कार्ड लावणार असाल तर कार्डची कमाल लांबी. कूलरच्या आकड्यात तीन-चार मिलिमीटर सुटे ठेवा, कारण काही कंपन्या उंची बोर्डापासून मोजतात, काही प्रोसेसरच्या माथ्यापासून. शिवाय पंखा पत्र्याला अगदी चिकटला तर हवा ओढताना शिट्टीसारखा आवाज येतो.

मग बुटका कूलर शोधला. नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा ३७ मिमी उंचीचा मिळाला. महाग आहे, खोटं कशाला बोला. हिशेबात तो वेगळ्या ओळीत लिहिला आणि ‘शिक्षकांची चूक’ असं शेजारी लिहून ती रक्कम आम्ही भरली. खोक्यातला कूलर वाया गेला नाही. ओळखीच्या एकाच्या संगणकाला तो लागला.

जुना कूलर काढताना एक धोका आहे, तो नीट वाचा. या प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही त्याला चिकटून खाचेतून उपटून येतो. पिना वाकल्या की काम संपलं. आधी संगणक दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे पेस्ट मऊ होते, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. इंटेलच्या अलीकडच्या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसून बोर्डाच्या खाचेत असतात. तिथं प्रोसेसर ठेवताना हात थरथरला तर बोर्ड जातो. दोन्हीकडे कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवायचा आणि जोर अजिबात लावायचा नाही.

हा बुटका कूलर बोर्डाच्या मागच्या बाजूनं स्क्रूनं आवळतात. म्हणजे बोर्ड डब्यात घालण्याआधीच तो लावायला हवा. आमचा बोर्ड आत होता. सगळ्या वायरी सोडून, बोर्ड बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून.

पॉवर सप्लाय

या भागात पैसे वाचवू नका. साधा एटीएक्स पॉवर सप्लाय १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि १४० मिमी किंवा त्याहून खोल असतो. लहान डब्यांसाठी एसएफएक्स नावाचा प्रकार आहे, १२५ बाय १००, उंची साडेत्रेसष्ट मिमी. चपट्या आडव्या डब्यांत लांबट टीएफएक्स बसतो. दुकानात नुसतं ‘छोटा द्या’ म्हणू नका, प्रकाराचं नाव सांगा.

आमच्या डब्यात दीडशे वॉटचा पॉवर सप्लाय बसवूनच आला. एवढासा पुरेल का? हिशेब करून बघितला. ५६००जीवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण जोरात चालताना तो ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. बोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखा मिळून आणखी वीस-तीस धरा. पुरतो. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर आम्ही एसएफएक्स बसणारा, थोडा मोठा डबा घेऊ. डब्यासोबत आलेला खास मापाचा सप्लाय जळला तर तसाच दुसरा शोधत फिरावं लागणार, ही आमच्या निवडीतली कमजोरी आहे आणि ती जमातीसमोर हिशेब देताना आम्ही सांगून टाकली.

जुन्या टॉवरचं दुखणं नेमकं इथंच होतं. उघडल्यावर कळलं, कुणीतरी कधीतरी त्यात बिननावाचा हलका सप्लाय घातला होता. लेबलवर मोठा आकडा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा. त्याचा पंखा धुळीनं जाम. चांगल्या सप्लायवर ८० प्लसची खूण असते, म्हणजे आत घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कामाला येते आणि बाकीचीच उष्णता होते. लहान डब्यात उष्णता कमी होणं हीच खरी कमाई.

मेमरी आणि एसएसडीत फार गोंधळ नाही. चित्राचा भाग प्रोसेसरमध्येच असला की तो मेमरीच वापरतो, म्हणून सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या, फरक दिसतो. वर चमकणारे उंच पंख असलेली मेमरी टाळा, बुटक्या कूलरला आडवी येते. एसएसडी बोर्डावरच आडवी बसणारी एम.२ घ्या, २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. तिला ना डेटाची वायर ना विजेची, आणि लहान डब्यात प्रत्येक वायर म्हणजे हवेच्या वाटेतला अडथळा. काही बोर्डांत ती जागा पाठीमागे असते, म्हणून तीही आधीच बसवून घ्या.

बोर्ड घेताना एक प्रश्न दुकानदाराला आवर्जून विचारा. ‘यात रायझन ५००० चा बायोस आहे का?’ एएम४ चे जुने पडलेले बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाहीत. सगळं बरोबर जोडूनही पडदा काळा राहतो आणि माणूस वाटेल ते भाग बदलत बसतो. खोक्यावर तसं स्टिकर असेल तर उत्तम, नसेल तर दुकानातच बायोस अपडेट करून घ्या.

जोडणी

लहान डब्यात हात जात नाही, तेव्हा जेवढं बाहेर करता येईल तेवढं बाहेर करायचं. आम्ही टेबलावर बोर्डाचं खोकं उलटं ठेवलं आणि त्यावर बोर्ड. सतरंजीवर किंवा रेशमी टेबलक्लॉथवर बोर्ड ठेवू नका. अंगातली स्थिर वीज काढायला खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून घ्यायचा. मुलींना ओढण्या मागे बांधायला सांगितल्या.

प्रोसेसर, त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट, कूलर, मेमरी, एसएसडी. मग डब्यात घालण्यापूर्वीच पॉवर सप्लायच्या २४ पिनांची आणि प्रोसेसरच्या ८ पिनांची वायर लावून, मॉनिटर जोडून एकदा चालू करून बघितला. चालू करण्याचं बटण डब्यावर असतं, बोर्डावर सहसा नसतं. बोर्डाच्या पुस्तिकेत ‘पॉवर स्विच’च्या दोन पिना दाखवलेल्या असतात, त्यांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं की झालं. इथं पडद्यावर अक्षरं दिसली की अर्धी चिंता गेली. आमच्याकडे अक्षरं दिसली तेव्हा टाळ्या वाजल्या, शेजारच्या घरातून डोकावून गेले.

आत बसवताना आधी मागची पत्र्याची जाळी, जिच्यातून सगळी बटणं-खाचा बाहेर निघतात, ती दाबून बसवायची. ही विसरली की पुन्हा सगळं उतरवावं लागतं. मग तळाचे पितळी स्क्रू मोजायचे. मिनी-आयटीएक्सला चारच लागतात. बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादाचा पितळी स्क्रू राहिला तर तो पाठीमागून बोर्डाला टेकतो आणि शॉर्ट होतो. प्रोसेसरची ८ पिनांची वायर बोर्ड पूर्ण आत सरकवण्यापूर्वी लावा, ती कोपऱ्यात असते आणि नंतर बोट पोचत नाही. पुढच्या यूएसबीची जाड निळी वायर सगळ्यात हट्टी. तिला ओढून वळवली तर बोर्डावरच्या पिना वाकतात, म्हणून आधी वायरीला बाहेर वळण द्यायचं आणि मग लावायची. उरलेल्या वायरी प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून पंख्यापासून लांब ठेवल्या.

या सगळ्याला दुसऱ्या खेपेला दीड तास लागला. पहिल्या खेपेला दिवस गेला होता.

ऊन, धूळ आणि वीज

आमच्या डब्यात वेगळा पंखा नाही. कूलरचा पंखाच बाजूच्या जाळीतून बाहेरची हवा घेतो. त्यामुळे ती बाजू भिंतीला टेकवायची नाही, एवढं फळीवर खडूनं लिहून ठेवलं आहे. जाळीवर चुंबकानं चिकटणारी बारीक गाळणी लावली. डबा लोखंडी असेल तरच ती चिकटते, ॲल्युमिनियमला नाही. मोठ्या डब्यात दोन पंखे असतील तर आत हवा ओढणारा जरा जास्त जोराचा ठेवा. म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत ओढली जात नाही.

५६००जीची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी दोनला आम्ही ८७ बघितले आणि धास्तावलो. मग बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरला ६५ ऐवजी ४५ वॉटवर बसवलं. ही सोय या प्रोसेसरमध्ये कंपनीनंच ठेवलेली आहे. फॉर्म भरताना, टंकलेखन करताना वेगात काही फरक कळत नाही, आणि तापमान सत्तरीच्या आसपास राहतं. ज्यांचं काम आमच्यासारखं साधं आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

वीज जाणं आपल्याला नवं नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस लावला आहे. एवढासा संगणक आणि एक मॉनिटर त्यावर फॉर्म ‘सबमिट’ करून पावती जपून ठेवण्यापुरता सहज चालतो. मोठ्या टॉवरला त्यावर इतका वेळ मिळत नव्हता. प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. लेझर प्रिंटर सुरू होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस हात वर करतो.

उर्दूसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमध्येच उर्दूचा कीबोर्ड आहे, नस्तालीक वळणाचा नोटो नस्तालीक फॉन्ट मोफत मिळतो आणि मराठीचा कीबोर्ड शेजारीच. एका बटणानं मुली अलिफवरून ‘अ’वर येतात.

दर दुसऱ्या जुम्याच्या आदल्या संध्याकाळी गाळणी काढून नळाखाली धुतात, पूर्ण वाळवून परत लावतात. पाळीची यादी कपाटाच्या दारावर आहे. वर्षातून एकदा पत्रा काढून मऊ ब्रशनं पंखा साफ करायचा, आणि तेव्हा पातं बोटानं धरून ठेवायचं, नुसत्या फुंकरीनं गरगर फिरवायचं नाही. उरलेले स्क्रू, डब्याचा तो बारीक अक्षरांचा कागद आणि सगळ्या पावत्या एका डब्यात घालून त्याच कपाटात ठेवल्या आहेत. चावी मशिदीच्या खजिनदारांकडे असते.